बायथलॉन कुठलं? पाण्यातलं की बर्फातलं?

एखाद्या तरुण धावपटूच्या परिचयात ‘आधी बायथलॉन, मग लांब पल्ल्याची धाव’ असं वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो : बायथलॉन कुठलं? कारण या एका नावाखाली दोन वेगळे खेळ नांदतात. दोघांत दोन-दोन प्रकार असतात, साम्य तेवढंच.

टीव्हीवर दिसतं ते बर्फातलं. पायात स्की, पाठीवर किमान साडेतीन किलोची पॉइंट टू-टू रायफल. स्कीवरून सुसाट जायचं आणि मध्येमध्ये थांबून नेम मारायचा. १९६० च्या स्क्वॉ व्हॅली हिवाळी ऑलिंपिकमध्ये ते पुरुषांसाठी आलं. महिलांना १९९२ च्या आल्बर्टव्हिलपर्यंत थांबावं लागलं.

दुसऱ्यात बर्फही नाही आणि रायफलही नाही. पोहायचं आणि धावायचं. हे मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेच्या घरातलं धाकटं भावंड. त्यात पोहणं-धावण्याबरोबर तलवारबाजी, नेमबाजी आणि २०२४ पर्यंत घोडेस्वारीही होती. शाळकरी पोरांना घोडा आणि तलवार कुठून आणून द्यायची? पोहणं-धावणं मात्र तलाव आणि मैदान असलं की भागतं. ब्रिटनमधल्या शाळांत याला सरळ बायथलॉनच म्हणतात. तिथे पोहण्याची आणि धावण्याची शर्यत वेगवेगळी होते, वेळेवरून गुण मिळतात आणि त्यांची बेरीज होते. मॉडर्न पेंटॅथलॉनचा जागतिक महासंघ याच कुळातला ‘बायथल’ भरवतो. त्यात मात्र धाव-पोहणं-धाव असं सलग. (धावणं आणि सायकल मिळून होतं ते ड्युअथलॉन. अमेरिकेत पूर्वी त्यालाही बायथलॉनच म्हणायचे. बर्फवाल्यांशी गल्लत व्हायला लागली म्हणून नाव बदललं.)

नावावरून कळत नसेल तर निकालाचा कागद बघा. ‘०+१’ असे बारीक आकडे दिसले तर ते हुकलेले नेम आहेत, म्हणजे बर्फ. हजारांत गुण दिसले तर बहुधा तलाव.

बर्फातल्या खेळाची खरी गंमत रेंजवर कळते. खेळाडू येतो तेव्हा छाती भात्यासारखी हलत असते. चटईवर येऊन तो काठ्या खाली टाकतो, रायफल पाठीवरून काढतो, झोपून मारायचं असेल तर पट्टा दंडाला अडकवतो. ५० मीटरवर पाच काळी वर्तुळं. झोपून मारताना लक्ष्य ४५ मिलिमीटरचं, उभ्याने मारताना ११५ चं. श्वास थोडा सोडायचा, उरलेला धरायचा आणि तेवढ्या क्षणात ट्रिगर हळूच दाबायचा. पुन्हा श्वास, पुन्हा गोळी. सराईत हात पाचही गोळ्या अर्ध्या मिनिटाच्या आत संपवतात. स्प्रिंट या छोट्या शर्यतीत नेम हुकला की प्रत्येक चुकीमागे १५० मीटरची जादा फेरी.

पाण्यातल्या सलग प्रकारात, म्हणजे बायथलमध्ये, अवघड जागा एकच : पाण्यातून बाहेर पडल्यावरची पहिली दोनशे पावलं. इतका वेळ शरीर आडवं, काम मुख्यतः हातांचं. एकदम उभं राहून पळायला लागलं की पाय दुसऱ्याचेच वाटतात. त्यात ओल्या पायात बूट चढवायचे. अनुभवी पोरं नाडीऐवजी इलॅस्टिक लावतात.

आता धावण्याकडे येऊ. पाण्यातून आलेल्या मुलीला धावणं नवं नसतं. तिच्या खेळाचा अर्धा भाग तोच होता, फक्त अंतर कमी. बर्फातून आलेल्याची गोष्ट उलटी. स्कीमध्ये हातपाय दोन्ही झिजतात, त्यामुळे हृदय-फुप्फुसं इतकी तयार होतात की भल्या भल्या धावपटूंना हेवा वाटावा. नॉर्वेची थेरेसे योहाउग बायथलॉनवाली नव्हे, निव्वळ क्रॉस-कंट्री, म्हणजे रायफलीशिवायच्या लांब पल्ल्याच्या स्कीवाली. तिने २०१९ मध्ये देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेत १० हजार मीटर ३२ मिनिटं २० सेकंदांत जिंकले.

पण दम तयार असणं वेगळं आणि नडग्या तयार असणं वेगळं. बर्फावर पाय घसरत जातो, रस्त्यावर तो आपटतो आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो. इथेच उत्साही पोरं फसतात. दम लागत नाही म्हणून आठवड्याचे किलोमीटर वाढवत नेतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत नडगी धरून बसतात. हाड आणि स्नायुबंध दमाच्या वेगाने घट्ट होत नाहीत; त्यांना महिने द्यावे लागतात. हा धोका पोहणाऱ्यांनाही आहे, कारण पाण्यातही पायावर भार नसतो. पण त्यांचे पाय निदान रस्त्याला ओळखतात.

याहून कमी बोललं जातं ते लयीबद्दल. बर्फातल्या खेळाडूची शर्यत तुकड्यांत कापलेली असते. रेंज जवळ आली की तो मुद्दाम थोडा सैल होतो, नाडी उतरवतो, नेम साधून पुन्हा सुसाट निघतो. वर्षानुवर्षं हेच केल्यावर शरीर ठराविक वेळाने विसावा मागायला लागतं. ट्रॅकवर १० हजार मीटर म्हणजे २५ फेऱ्या. तिथे चटई येत नाही, पाच वर्तुळं येत नाहीत. सतराव्या फेरीला सैल व्हावंसं वाटलं तरी अठरावी तेवढ्याच सेकंदांत काढायची असते.