लस दिली, पण खुराकाचं काय?

पावसाळा लागला की दारव्हा-दिग्रसकडच्या गिऱ्हाइकांची एक तक्रार हटकून येते: "भाऊ, लासोटा लसीचे थेंब वेळेवर टाकले, तरी मानमोडीनं (राणीखेत रोगानं) कोंबडीची पिल्लं गेली." लस बर्फात आणली होती का, हे आधी आठवा. आणली असेल, तर उरलेल्या एखाद्या पिल्लाच्या छातीवरून बोट फिरवा. मधलं हाड विळ्याच्या पाठीसारखं टोचलं, तर गडबड खुराकात आहे.

लस पिल्लाला फक्त रोगाची ओळख करून देते. ओळख पटली की त्याच्या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात आणि प्रतिपिंडं बनवू लागतात. (या 'बी' पेशींचं नाव कोंबडीच्याच बर्सा ग्रंथीवरून पडलंय. गंबोरो रोग नेमका तिथंच घाव घालतो.) प्रतिपिंडं म्हणजे प्रथिनं, आणि प्रथिनं अमिनो आम्लांची. त्यातलं एखादं कमी पडलं, की बाकीची ढीगभर असूनही काम अडतं. पेशीला ही टंचाई कळते आणि ती वाढणंच थांबवते.

ज्वारी, मक्याचा भरडा, कणकी या सगळ्यांत लायसिन हे अमिनो आम्ल तोकडं. सोयाबीनात ते भरपूर, पण मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी. म्हणून मका-सोयाच्या खाद्यात मेथिओनिन वरून घालावं लागतं. आतड्याच्या बुळबुळीत अस्तराला थ्रिओनिन हे अमिनो आम्ल लागतं. आर्जिनिन हे आणखी एक अमिनो आम्ल माणसाचं शरीर थोडंफार बनवतं, कोंबडीला ते जमत नाही; तिला ते खाण्यातूनच मिळायला हवं.

घरचं सोयाबीन कच्चंच दळून घालू नका. त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही; नीट भाजलं की तो निकामी होतो. पहिल्या वर्षी आम्हीच ही चूक केली. महिन्याची पिल्लं पंधरा दिवसांची वाटायची. सरकीची ढेप गाई-म्हशींसाठीच ठेवा. तिच्यात लायसिन कमी, शिवाय गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं.

आता अमिनो आम्लांच्या टॉनिकच्या बाटल्या. आम्हीही विकतो, पण पोत्यातलं तयार खाद्य चालू असेल तर घेऊ नका. जास्तीचं अमिनो आम्ल अंगात साठत नाही; ते मोडतं आणि त्यातला नायट्रोजन विष्ठेतून बाहेर पडतो. मग शेडमध्ये अमोनिया होतो आणि पिल्लांआधी तुमचेच डोळे चुरचुरतात.

घरचा भरडा वापरत असाल तर बाजाराच्या दिवशी येताना मूठभर पुडीत बांधून आणा. त्यात सोयापेंड किती मिसळायची, ते दुकानावर फुकट सांगू.