इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने धावत नाहीत

बटण दाबताक्षणी दिवा लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉन बटणापासून दिव्यापर्यंत प्रकाशाच्या वेगाने धावत जातात, असा समज शिकल्यासवरलेल्यांमध्येही पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात ते गोगलगायीलाही लाजवतील.

हिशोब सोपा आहे. १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्या आणि बॅटरी जोडून तिच्यातून १ अँपिअर प्रवाह सोडा. इलेक्ट्रॉनांची सरासरी पुढची सरक सेकंदाला जेमतेम ०.०७ मिलिमीटर भरते. तासाभरात फूटभरही नाही! तारेच्या आत त्यांची धावपळ प्रचंड असते, पण ती सैरावैरा, सगळ्या दिशांना. त्यातून प्रवाह होत नाही.

मग दिवा लगेच कसा लागतो? तारेत इलेक्ट्रॉन आधीपासून सगळीकडे ठासून भरलेलेच असतात. बटण दाबल्यावर वेगाने पसरतं ते इलेक्ट्रॉनांना ढकलणारं विद्युतक्षेत्र, आणि त्याचा वेग मात्र प्रकाशाच्या जवळपासचा. त्यामुळे दिव्यातले इलेक्ट्रॉन तिथल्या तिथेच, जवळजवळ लगेच सरकू लागतात.

घरच्या विजेची गंमत आणखी पुढची. ती ५० हर्ट्झची, सेकंदात शंभरदा दिशा बदलणारी. त्याच तारेत तेवढाच प्रवाह असेल, तर इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात मागेपुढे होत राहतात. वीजकेंद्रातले इलेक्ट्रॉन आपल्या घरी येतच नाहीत. बिल भरतो ते ऊर्जेचं.

विजेच्या परिपथाच्या आकृतीतला प्रवाहाचा बाण धनाकडून ऋणाकडे आणि इलेक्ट्रॉन उलटे, हा घोळ अठराव्या शतकातल्या अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनच्या काळापासूनचा. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली. तोवर बाण रुळला होता.