इस्त्रीतली टक्

इस्त्री तापली की आतून 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि दिवा विझतो. थोड्या वेळानं पुन्हा टक्, दिवा लागतो. कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना तंत्रज्ञान शिकवताना मी या आवाजापासून सुरुवात करते.

प्लग काढलेली जुनी इस्त्री उघडून वर्गात फिरवायची. आत दोन वेगळ्या धातूंचे पत्रे जोडून केलेली पट्टी असते. तशीच पितळ-पोलादाची पट्टी मेणबत्तीवर धरली, की ती पोलादाच्या बाजूला वाकते, कारण पितळ जास्त प्रसरण पावतं. १० सेंटिमीटरची पट्टी १०० अंशांनी तापली, तर दोन्ही धातूंच्या लांबीत फरक पडतो जेमतेम ०.०७ मिलिमीटर. पण पट्टी १ मिलिमीटर जाड असेल, तर तिचं मोकळं टोक सुमारे ५ मिलिमीटर सरकतं. इस्त्रीतला विजेचा संपर्क तोडायला याहून कितीतरी कमी पुरतं.

इथपर्यंत झालं पदार्थविज्ञान. आता मी विचारते, १५० अंश हवे असतील, तर १५१ला बंद आणि १४९ला चालू असं का करू नये? तसं केलं तर संपर्क सारखा जुळत-तुटत राहील, ठिणग्या पडतील, टोकं जळतील. म्हणून बंद आणि चालू होण्याच्या तापमानांत मुद्दाम जास्त अंतर ठेवतात. वाणिज्यची मुलं हे चटकन पकडतात: एक नग विकला की लगेच एक नग कुणी मागवत नाही.

बिगर-अभियंत्यांसाठीचे अभ्यासक्रम बऱ्याचदा गणित काढून टाकलेलं पदार्थविज्ञान होऊन बसतात. मला ते पटत नाही. किती चूक चालेल आणि ती चालवून घेण्याची किंमत काय, हा अभियांत्रिकीचा गाभा आहे, आणि तो कुठल्याही शाखेच्या मुलाला झेपतो. जेम्स वॉटनं १७८८मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारी यंत्रणा, जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि वाफ कमी होते. इस्त्रीतला फेरा तोच: मोजायचं, कृती करायची, पुन्हा मोजायचं.

मग मुलांनी घरातलं एखादं यंत्र निवडायचं आणि मोजतं कोण, कृती करतं कोण, ते बाणांनी दाखवायचं. साहित्याच्या एका विद्यार्थिनीनं फ्लशची टाकी काढली: तरंगता गोळा पातळी मोजतो, दांडा झडप दाबतो. चित्र पुरं झाल्यावर तिनंच विचारलं, "गोळ्याला भोक पडलं तर?"

गोळा बुडेल, झडप उघडीच राहील, पाणी चढत जाईल. ती क्षणभर थांबली आणि टाकीच्या मधोमध तिनं एक उभी नळी काढली, वरून उघडी.