जाम कार्बोरेटर नेमका धरलेला कुठे असतो?

यामाहाची आरडी350 ही मोटरसायकल बाजारात आली 1973 साली. आपल्याकडे एस्कॉर्ट्सनं ती 1983 पासून ‘राजदूत 350’ म्हणून बनवली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळा मिकुनी बनावटीचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. अशी गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहिली आणि कुणी ती घरी उघडायला घेतली, की पहिला अडथळा येतो तो या कार्बोरेटरांपाशी. क्लॅम्प सैल केले, केबल काढली, तरी कार्बोरेटर जागचा हलत नाही. मग हात आपसूक हातोडीकडे किंवा मोठ्या डिसमिसकडे जातो. तिथेच थांबावं. कार्बोरेटर म्हणजे ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूचं पातळ ओतकाम. ते वाकत नाही, थेट तडकतं. आधी तो कशानं धरलाय ते ओळखायचं.

बहुतेक वेळा धरलेलं असतं रबरानं. पुढे सिलिंडरकडचं मॅनिफोल्डचं (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीचं) रबर, मागे एअर फिल्टरच्या डब्याकडचं, आणि कार्बोरेटर या दोघांच्या मधे. नवं असताना हे रबर बोटानं दाबलं की दबतं. जुनं झालं की नखही रुतत नाही. पेट्रोलजवळ वापरतात ते रबर बहुधा नायट्राईल जातीचं असतं. त्याच्या लांबलचक रेणुसाखळ्या जागोजागी एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून ते ताणलं तरी मूळ आकारावर येतं. इंजिनाची उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून वर्षागणिक या गाठी वाढवत नेतात. शिवाय रबर मऊ राहावं म्हणून कारखान्यात मिसळलेली तेलं पेट्रोल हळूहळू ओढून घेतं. गाठी वाढल्या, वंगण गेलं. साखळ्यांना हलायला वावच उरत नाही.

इथे एक गंमत आहे, आणि मला तर ती या सगळ्या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. चांगलं रबर ताणून धरून गरम केलं तर ते सैल पडत नाही, उलट आखडतं. जॉन गफ या इंग्लिश अभ्यासकानं हे 1805 मध्ये नोंदवलं आणि पुढे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स ज्यूलनं मोजून दाखवलं. मग कडक झालेल्या रबराला ऊब देऊन काय उपयोग? उपयोग होतो, कारण म्हातारं रबर काचेसारख्या ताठरपणाकडे सरकलेलं असतं. ऊब मिळाली की अडकलेल्या साखळ्या पुन्हा थोड्या हलू लागतात आणि तेवढ्यापुरतं ते लवतं.

ऊब द्यायची कशी, हा जिवाचा प्रश्न आहे. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाची ठिणगी गाठते. आधी पेट्रोल कॉक बंद करा, टाकी काढून लांब ठेवा, फ्लोटची वाटी (कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती) रिकामी करा, दारं-खिडक्या उघडा. ब्लो-टॉर्चचं नावही काढू नका. कढत पाण्यात पिळलेलं फडकं रबरावर दोन-तीनदा गुंडाळलं तरी काम होतं. मग कार्बोरेटर सरळ न ओढता मागच्या रबरात ढकलायचा, डावी-उजवीकडे पिळत पुढचं तोंड सोडवायचं आणि तिरका करून बाहेर घ्यायचा.

रबर फारच दगड झालं असेल तर जुन्या गाड्यांचे शौकीन झायलीनमध्ये विंटरग्रीन तेल मिसळून त्यात ते भिजवतात. बाटली उघडताच मुरगळलेल्या पायाला चोळायच्या मलमाचा वास येतो, कारण दोन्हीत मिथाइल सॅलिसिलेटच असतं. ते साखळ्यांमध्ये शिरून रबर फुगवतं, मऊ करतं. मात्र हे मऊपण टिकाऊ नसतं, आणि झायलीनची वाफ वाईट व ज्वालाग्राही, त्यामुळे हे उघड्यावरच करावं.

स्क्रूंची गोष्ट वेगळी. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या आट्यात बसला आणि ओल मिळाली, की ॲल्युमिनियम गंजतं. तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आटे आवळले जातात. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. 5 मिलिमीटरच्या स्क्रूला 60 अंश जास्त उष्णता मिळाली तर फरक पडतो सुमारे 3 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या तीन हजारांशांचा. ऐकायला नगण्य, पण पांढरा थर तडकायला बऱ्याचदा पुरतो. मग गंज सोडवणारं पातळ तेल त्या फटीत केशाकर्षणानं शिरतं. तेल सोडून रात्रभर थांबावं. आणि डिसमिस जपानी मापाचा घ्यावा. हे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण खाच वेगळी असते. साधा फिलिप्स वर सरकतो आणि स्क्रूचं तोंड खातो.

आतली स्लाइड, म्हणजे थ्रॉटल फिरवला की वर-खाली सरकून हवेची वाट कमी-जास्त करणारा तुकडा, चिकटली असेल तर दोष वाळलेल्या पेट्रोलचा. हलके घटक उडून जातात, उरलेले ऑक्सिजनशी जुळून तपकिरी राळ बनतात. त्यावर कार्बोरेटर क्लीनर आणि सबुरी. स्लाइड वरून पकडीनं ओढू नये, तिच्यावर ओरखडा उठला की थ्रॉटल अडकतो. डावी-उजवी स्लाइड वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, त्या आपापल्या घरात घासून बसलेल्या असतात.

सुटलेलं जुनं रबर उजेडात वाकवून बघा. बारीक चीर दिसली तर ते पुन्हा बसवू नका. तिथून जास्तीची हवा आत जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन तापून सिलिंडरला धरतो.