इंजिन धावते, बोट धावत नाही: स्की-बोटीच्या ट्रान्समिशनचे दुखणे

बोटीमागे दोरीने ओढला जाणारा, पायांत स्की घातलेला स्कीअर पाण्यात गुडघे दुमडून तयार असतो, दोरी ताणलेली असते आणि चालक लिव्हर पुढे ढकलतो. इंजिनाचा आवाज चढतो, फेऱ्यांचा काटा झपाट्याने वर जातो, पण बोट नेहमीसारखी उसळी घेत नाही आणि स्कीअर पाण्याबाहेर येण्याऐवजी पाण्यातच फरफटत राहतो. इंजिनाची ताकद बोटीला ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत (प्रोपेलरपर्यंत) पोहोचत नाही, हे कळायला यापेक्षा स्पष्ट खूण नको. अशा वेळी ‘ट्रान्समिशन (इंजिनाची ताकद पंख्याकडे नेणारी गिअरपेटी) गेले’ असे म्हणून बोट थेट कारखान्यात नेली जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे की, ट्रान्समिशन खाली उतरवण्याआधी निदान तासभर त्याच्या बाहेरच्या गोष्टी तपासाव्यात, कारण मूळ दोष पुष्कळदा तिथेच असतो.

पारंपरिक स्की-बोटीत इंजिन बोटीच्या मधोमध बसवलेले असते, त्याला लागून ट्रान्समिशन असते आणि तिथून एक सरळ शाफ्ट तळातून बाहेर पडून पंख्याला मिळतो. मोटारीसारखे चार-पाच गिअर इथे नसतात. पुढे, मागे आणि न्यूट्रल एवढेच. जुन्या स्की-बोटींत सर्रास आढळणाऱ्या बोर्ग-वॉर्नर कंपनीच्या वेल्वेट ड्राइव्हमध्ये पुढे जाताना क्लचच्या चकत्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात, आतला ग्रहमाला-गिअर एकसंध होऊन फिरतो आणि, एकास एक गुणोत्तराच्या बनावटीत, इंजिनाचा प्रत्येक फेरा जसाच्या तसा पंख्याला मिळतो. चकत्या दाबण्याचे हे काम तेल करते. इंजिनाबरोबर फिरणारा एक छोटा पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबावरच सगळी पकड अवलंबून असते. तेच तेल वंगणही पुरवते आणि उष्णताही वाहून नेते.

दाब कमी पडला की चकत्या घसरतात, आणि घसरणे म्हणजे उष्णता. समजा, क्लचमधून ४०० न्यूटन-मीटर पीळबल जात आहे आणि चकत्यांच्या दोन संचांच्या वेगात मिनिटाला ३०० फेऱ्यांचा फरक पडला आहे. तेवढ्यानेच सुमारे १२.५ किलोवॅट उष्णता निर्माण होते. दोन किलोवॅटच्या सहा हीटरना एका डब्यात कोंडावे, तसा हा प्रकार आहे. त्या उष्णतेने तेल पातळ होते, पातळ तेल फटींतून अधिक निसटते, दाब आणखी उतरतो आणि घसरण वाढते. सकाळी थंड असताना नीट ओढणारी बोट दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला दमते, त्याचे कारण हे चक्र असू शकते. मोटार एकदा वेगात आली की इंजिनावरचा भार हलका होतो, पण बोटीला पाणी क्षणभरही सवलत देत नाही. त्यामुळे घसरणारा क्लच ‘जरा सांभाळून चालवू’ म्हणून टिकत नाही, आणि या मोहात अनेक चांगले क्लच जळालेले आहेत.

पहिली तपासणी केबलची. चालकाजवळचा लिव्हर पुढे असला म्हणून ट्रान्समिशनवरचा छोटा लिव्हरही पूर्ण पुढे गेला असेलच, असे नाही. केबल ताणली जाते, तिचे टोक ढिले पडते आणि तो लिव्हर खटक्यात बसण्याच्या किंचित अलीकडे थांबतो. मग क्लचकडे तेल सोडणारी झडप अर्धवट उघडते, दाब अपुरा मिळतो आणि चकत्या घासत राहतात. वेल्वेट ड्राइव्हच्या केसिंगवर ‘एफ’ हे अक्षर ओतलेले असते. पुढच्या गिअरमध्ये लिव्हरने ते अक्षर झाकले पाहिजे आणि खटक्याची गोळी खाचेत मधोमध बसली पाहिजे. इंजिन बंद ठेवून केबल सोडावी आणि लिव्हर हाताने हलवून पाहावा. खटका बोटांना स्वच्छ जाणवतो. केबल जोडल्यावर तो तसाच जाणवत नसेल, तर दुरुस्ती केबलची करायची आहे. खटक्याची गोळी किंवा स्प्रिंग काढून गिअर ‘हलका’ करण्याचा उद्योग मात्र कधीही करू नये.

नंतर तेल पाहावे. वेल्वेट ड्राइव्हमध्ये ते गरम असताना, इंजिन बंद केल्याबरोबर मोजतात, कारण थोडा वेळ गेला की कूलर (तेल थंड करणारे उपकरण) आणि नळ्यांतले तेल परत खाली उतरते आणि पातळी फसवते. इतर बनावटींची रीत वेगळी असते, म्हणून ज्याचे त्याचे माहितीपुस्तक पाहावे. डिपस्टिक पांढऱ्या कापडावर पुसावी. स्वच्छ लाल डाग पडला तर समाधान मानावे. तपकिरी डाग आणि करपट वास म्हणजे चकत्या भाजल्या आहेत. गुलाबी, दुधाळ फेस दिसला तर तेलात पाणी शिरले आहे, आणि ही खूण सर्वांत तातडीची. हे पाणी बहुधा ऑइल कूलरच्या आतल्या फुटलेल्या नळीतून येते. चकत्यांवरचे घर्षण-अस्तर कागदासारख्या तंतूंचे आणि डिंकाने चिकटवलेले असते. पाण्याने ते सुटू लागते. म्हणून बोट न चालवता आधी कूलर बदलावा आणि मग ताज्या तेलाने ट्रान्समिशन पुन्हा पुन्हा धुऊन काढावे.

कूलर फुटला नसला तरी तुंबलेला असू शकतो. अनेक बोटींत बाहेरचे पाणी आत येताच आधी याच कूलरमधून जाते, त्यामुळे पाणवनस्पतींचा चोथा त्याच्या तोंडाशी साचतो. नळी काढून बोटाने तो उपसून काढण्याचे काम दहा मिनिटांचे आहे.

आवाजाचीही एक भाषा असते. मंद फेऱ्यांवर खडखड आणि फेरे वाढवताच शांतता, असे असेल तर संशय डॅम्पर प्लेटवर घ्यावा. फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) आणि ट्रान्समिशन यांच्यामधली ही स्प्रिंगांची तबकडी इंजिनाचे धक्के पचवते आणि स्प्रिंगा थकल्या की वाजू लागते. शाफ्टला ट्रान्समिशनशी जोडणाऱ्या कपलिंगमधली चावी (दोघांना एकत्र फिरवणारी धातूची पट्टी) तुटली तर लक्षण हुबेहूब क्लच घसरल्यासारखे दिसते. म्हणून शाफ्ट आणि कपलिंग यांच्यावर मिळून खडूची एक रेघ ओढावी आणि बोट चालवल्यावर ती तुटली का, ते पाहावे.

हे सगळे ठीक निघाले आणि तरी घसरण राहिली, तर दाबमापक लावून दाब मोजावा. तो उत्पादकाच्या आकड्यापेक्षा कमी भरला, तर मात्र ट्रान्समिशन उतरवणे आले. दुसरे बसवताना पंपावरच्या बाणाची दिशा इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेशी जुळली पाहिजे. ती चुकली तर दाबच तयार होत नाही. जुना कूलर आणि नळ्या आतून धुतल्याखेरीज जोडू नयेत, कारण जळलेल्या क्लचचा भुगा त्यांत दडलेला असतो आणि तो नव्या यंत्रात शिरतो. इंजिन-ट्रान्समिशन आणि शाफ्ट एका रेषेत आणण्याची शेवटची जुळणी बोट पाण्यात उतरवून करावी, कारण ट्रेलरवर आणि पाण्यावर तळाचा आकार अगदी तंतोतंत सारखा राहत नाही. कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट वर, खाली आणि दोन्ही बाजूंना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. या चार मापांत सुमारे ०.०८ मिलिमीटरहून अधिक फरक आढळला, तर इंजिनाचे पाय वर-खाली करून तो काढावा आणि मगच कपलिंगचे बोल्ट आवळावेत.