देवाची अढळ प्रीती ओळखणं

देवाची अढळ प्रीती म्हणजे माणसाच्या वागण्यावर अवलंबून नसलेली, माणूस फिरला तरी न फिरणारी देवाची प्रीती, ख्रिस्ती श्रद्धेचा पायाच म्हणा ना. मराठी बायबलमध्ये ती कधी दया, कधी वात्सल्य, कधी प्रीती अशा नावांनी भेटते. ती आहे असं मानणं वेगळं आणि रोजच्या धबडग्यात ती ओळखता येणं वेगळं, आणि खरी अडचण बहुतेकांची दुसऱ्या ठिकाणी होते.

शास्त्रात ती कुठे दिसते

गंमत अशी की बायबलमध्ये या प्रीतीचं सगळ्यात ठळक वर्णन सगळं सुरळीत चाललेलं असताना येत नाही. इस्राएल लोकांनी सीनाय पर्वताच्या पायथ्याशी सोन्याचं वासरू केलं, त्यांचा पुढारी मोशे याने संतापून देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या, आणि मग नव्या पाट्या घेऊन तो परत वर गेला तेव्हा देव स्वतःची ओळख दयाळू, कृपाळू, मंदक्रोध अशी करून देतो (निर्गम ३४:६-७). हे शब्द पुढे गणना, नहेम्या, स्तोत्रं, योएल अशा बायबलमधल्या पुस्तकांतून फिरत राहतात आणि योनाच्या पुस्तकात तर चक्क तक्रार म्हणून येतात, निनवे या शत्रूच्या शहराला माफी मिळाली म्हणून योना संदेष्टा (देवाचा निरोप सांगणारा) चिडतो, मला माहीतच होतं तू असा आहेस म्हणून. मात्र निर्गमातल्या त्याच ओळींचा पुढचा भाग, की देव दोषीला तसंच सोडून देत नाही, तो लोक सोयीने गाळतात. अढळ प्रीती म्हणजे काहीही केलं तरी चालतं असा परवाना नव्हे.

होशेय संदेष्ट्याला तर ही गोष्ट संसारात जगून दाखवावी लागली. दुसऱ्याकडे गेलेल्या बाईवर पुन्हा प्रीती कर असं देव सांगतो आणि तो १५ शेकेल (जुनं वजनमाप) चांदी आणि जव देऊन तिला सोडवून आणतो (होशेय ३:२). ती त्याची बायको गोमरच असं बहुतेक वाचक मानतात.

विलापगीताचं तिसरं प्रकरण मात्र थांबून वाचायला पाहिजे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, त्या दुःखाचं हे पुस्तक. या प्रकरणात ६६ वचनं आहेत, हिब्रू लिपीतल्या २२ अक्षरांची एकेकाला तीन अशी ओळीने मांडलेली. माझं बळ संपलं, देवाकडून आशा उरली नाही असं बोलणारा माणूस तीन-चार वचनांनंतर म्हणतो की देवाची दया संपलेली नाही, ती रोज सकाळी नवी होते. मधल्या काळात बाहेर काहीच बदललेलं नसतं, शहर पडलेलंच आहे, फक्त तो म्हणतो की हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे. आणि पुस्तक गोडही संपत नाही, शेवटी परत तोच प्रश्न, तू आम्हाला कायमचं टाकलंस का? भिंतीवर लावायला फक्त मधली दोन वचनं उचलली की हे सगळं निसटतं.

नव्या करारात बोलायचं तर सरळ क्रूसाकडे बोट दाखवलं जातं, आपण पापी असतानाच ख्रिस्त मेला हा प्रेषित पौलाचा मुद्दा (रोम. ५:८). पण ओळखण्याच्या दृष्टीने येशूचा शिष्य पेत्र याचा प्रसंग जास्त बोलका आहे. महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी त्याने येशूला तीनदा नाकारलं, आणि पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी येशू कोळशाचाच विस्तव करून त्यावर मासे ठेवून बसलेला असतो, आधी जेवा म्हणतो आणि जेवण झाल्यावर तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का (योहान २१). नकाराचा उल्लेखसुद्धा नाही, उलट मेंढरं चारायचं काम हातात देतो.

रोजच्या जगण्यात

१३६ व्या स्तोत्रात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच, "त्याची दया सनातन आहे". आकाश, तांबडा समुद्र, राजांचा पाडाव असं मोठं मोठं सांगत सांगत शेवटाकडे येतं काय, तर तो सर्व प्राण्यांना अन्न देतो. समुद्र दुभंगणं आणि ताटातलं अन्न एकाच यादीत. ओळखण्याची रीत इथेच आहे असं वाटतं, म्हणजे आठवत जाणं, कारण ही प्रीती त्या क्षणी कळते असं कमीच, मागे वळून बघितल्यावर कळते. जेवणाआधीची प्रार्थना, मंडळीत दिलेली साक्ष, प्रभुभोजनातले (येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करणाऱ्या विधीतले) "माझ्या स्मरणार्थ हे करा" हे शब्द, सगळं या आठवणीच्याच भोवती आहे. १६ व्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी रूढ केलेल्या दिवसाच्या परीक्षणातही आधी उपकार आठवायचे आणि मग चुका, हा क्रम मुद्दाम ठेवलाय, उलटा केला की माणूस चुकांमध्येच अडकतो.

गडबड होते ती खुणा चुकीच्या धरल्याने. नोकरी लागली, आजार बरा झाला की देवाची प्रीती, आणि नाही झालं की काहीतरी पाप असणार, हा हिशेब दुःखात सापडलेल्या भल्या ईयोबाच्या मित्रांचा आणि त्यांना देवाकडून बोलणी बसली. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं तेव्हा येशूने कोणाच्याच पापाचं खातं उघडलं नाही (योहान ९). त्याहून वाईट म्हणजे घरात मार खाणाऱ्याला "ज्याच्यावर प्रीती करतो त्याला देव शिक्षा करतो" हे वचन ऐकवणं, यात वचनाचा आधार नाही, नुसता गैरवापर आहे.

आणि काही दिसतच नाही अशा दिवसांचं काय? ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे, प्रार्थना म्हणूनच आहे. अशा वेळी बऱ्याच जणांना ही प्रीती दुसऱ्या माणसाच्या हातून पोचते, कोणी दवाखान्यात सोबत बसलं, कोणी न विचारता पोरं सांभाळली. योहानाचं पहिलं पत्रही परीक्षा इथेच घेतं, दिसणाऱ्या भावावर प्रीती न करणारा न दिसणाऱ्या देवावर करतो म्हणत असेल तर तो लबाड आहे (१ योहान ४:२०).