स्पॅम फिल्टर: पाच गुणांचा हिशेब

फोंड्यातल्या एखाद्या देवस्थानाची जत्रेची पत्रिका मराठीतून ईमेलने निघते आणि काही महाजनांच्या स्पॅममध्ये जाऊन पडते. तक्रार आली की सर्व्हर सांभाळणारा पहिल्यांदा स्पॅमअसॅसिन या फिल्टरची मर्यादा, म्हणजे किती गुण झाले की पत्र स्पॅम ठरवायचं तो आकडा, पाचवरून सातवर नेतो. पत्रिका पोचते खरी, पण तिच्यामागून लॉटरीवालेही आत शिरतात. हे टाळायचं तर त्या पाच आकड्यामागचा इतिहास ठाऊक हवा.

३ मे १९७८ रोजी डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकच जाहिरात धाडली. स्पॅमची सुरुवात तिथपासून मोजतात. पुढे बंदोबस्त म्हणून ठरावीक शब्द अडवणं आलं, १९९७च्या सुमारास पॉल विक्सी यांची स्पॅम धाडणाऱ्या सर्व्हरांची काळी यादी आली. दोन्हींत निकाल एका फटक्यात लागायचा, त्यामुळे निर्दोष पत्रंही अडकत.

२००१मध्ये जस्टिन मेसन यांनी स्पॅमअसॅसिन आणलं आणि पद्धतच बदलली. शेकडो नियम प्रत्येकी थोडे थोडे गुण देतात, वजाही करतात. बेरीज पाचवर गेली की स्पॅम. २००२मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखाने बेझच्या संभाव्यतेचा मार्ग, म्हणजे आधीच्या पत्रांतल्या शब्दांवरून स्पॅमची शक्यता मोजणं, लोकप्रिय केला, तोही यात सामावला. मात्र हा भाग मुळातल्या सेटिंगप्रमाणे किमान २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रं शिकवल्याशिवाय कामालाच लागत नाही. अनेकजण फक्त स्पॅम शिकवतात, चांगली पत्रं राहूनच जातात.

नियम शिळे होतात, हे १ जानेवारी २०१०ला सगळ्यांना दिसलं. ‘तारीख फार पुढची’ असं ओळखणाऱ्या नियमात २०१०पासूनची सगळी वर्षं भविष्यातली धरली होती. नव्या वर्षाच्या साध्या शुभेच्छापत्रालाही सेटिंगनुसार दोन ते साडेतीन गुण चिकटले! नियम वेळोवेळी अद्ययावत करणं म्हणूनच सोडू नये.

आपल्याकडे भाषेचा नियम विशेष तपासावा. भाषा ओळखणारा टेक्स्टकॅट हा स्पॅमअसॅसिनचा प्लगइन (जोडभाग) चालू असेल आणि चालणाऱ्या भाषांत फक्त इंग्रजी लिहिलेली असेल, तर मराठी मजकुराला जवळपास तीन गुणांचा दंड बसतो. मर्यादेच्या निम्म्याहून जास्त! त्या यादीत मराठी घातली की तो दंड जातो, मर्यादेला हात लावावा लागत नाही.

म्हणून आधी अडकलेल्या पत्राचे हेडर, म्हणजे पत्रासोबतच्या तांत्रिक नोंदी, उघडावेत. ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’च्या ओळीत एकूण गुण आणि लागू झालेले नियम नावानिशी असतात. पत्र जीमेलवर अडत असेल तर पाठवणाऱ्या डोमेनचे एसपीएफ (कोणत्या सर्व्हरना पत्र पाठवायची परवानगी आहे ती नोंद) आणि डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) पाहावेत. फेब्रुवारी २०२४पासून गूगलने त्याबाबत सक्ती वाढवली आहे.